तीन लिनक्स, एक लॅपटॉप: ग्रबचा मालक कोण?

एकाच लॅपटॉपवर उबंटू, डेबियन आणि फेडोरा शेजारी-शेजारी बसवणं आज मुळीच अवघड राहिलेलं नाही. तिन्ही इन्स्टॉलर समजूतदार आहेत, आणि डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, करताना थोडं भान ठेवलं की एका दुपारचं काम. कटकट सुरू होते ती पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. मेन्यूतून डेबियन निवडावं आणि काळ्या पडद्यावर ओळ यावी, की अमुक नावाची फाइल सापडत नाही, आधी कर्नल लोड करा. डेबियनला काहीही झालेलं नसतं. त्याच्या पार्टिशनवर नवा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, आहे, तुमच्या फाइली जागच्या जागी आहेत. शिळी झालेली असते ती उबंटूच्या मेन्यूतली डेबियनची नोंद.

हे का होतं, हे एकदा कळलं की अनेक लिनक्स एकत्र चालवण्यातला निम्मा त्रास संपतो. त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे संगणक सुरू होताना हा मेन्यू दाखवणारा ग्रब नावाचा प्रोग्रॅम, कुठे बसतो, हे पाहावं लागेल. (या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावंही देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.)

संगणक सुरू होतो तेव्हा आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला फर्मवेअर जागा होतो. त्याला लिनक्स म्हणजे काय, हे ठाऊक नसतं. त्याचं काम इतकंच, की डिस्कवरचा एखादा छोटा प्रोग्रॅम शोधायचा आणि कारभार त्याच्या हाती द्यायचा. हा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. तो डिस्कवरून कर्नल मेमरीत आणतो, सोबत इनिटआरडी नावाची सुरुवातीच्या ड्रायव्हरांची गाठोडी आणतो, कर्नलला 'तुझं मूळ पार्टिशन हे' असं सांगतो आणि बाजूला होतो. इथून पुढे बूटलोडरचा संबंध नाही. म्हणूनच बूटलोडर बिघडला तर माहिती गेली असं समजून घाबरण्याचं कारण नाही. दार अडकलं आहे, घर शाबूत आहे.

बायोस या जुन्या फर्मवेअरच्या काळात ही पहिली पायरी फारच अरुंद होती. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सच्या तुकड्यात सगळं मावायला हवं. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला, २ बाइट शेवटच्या खुणेला, उरले ४४६. एवढ्यात मेन्यू दाखवणारा प्रोग्रॅम बसणं शक्यच नाही. म्हणून ग्रब तिथे फक्त एक चिमुकला तुकडा ठेवतो, तो पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेतला मोठा तुकडा उचलतो, आणि मोठा तुकडा मग कुठल्या तरी लिनक्सच्या बूट फोल्डरमधून मेन्यूची फाइल वाचतो. यातली मेख अशी, की ती ५१२ बाइट्सची जागा एका डिस्कवर एकच असते. तीन लिनक्स बसवले, तर शेवटी बसवलेल्याने आधीच्या दोघांचे तुकडे पुसून स्वतःचा लिहिलेला असतो. मालकी आपोआप शेवटच्याकडे जाते, तुम्हाला कुणी विचारत नाही.

२०१० नंतरच्या बहुतेक संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय हा नवा फर्मवेअर आला आणि चित्र बरंच सुधारलं. आता डिस्कवर एक छोटं, फॅट पद्धतीचं खास पार्टिशन असतं. त्याला ईएफआय सिस्टम पार्टिशन म्हणतात. फर्मवेअरला फॅट वाचता येतं, त्यामुळे ४४६ बाइट्सची कसरत संपली. या पार्टिशनमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर, आणि त्यात प्रत्येक डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक अवताराचा, आपापला फोल्डर: उबंटू, डेबियन, फेडोरा. कुणी कुणाचं पुसत नाही. शिवाय मदरबोर्डच्या कायमस्वरूपी मेमरीत एक यादी असते: पहिली नोंद उबंटूची, दुसरी डेबियनची, तिसरी फेडोराची, आणि त्यांचा क्रम. फर्मवेअर क्रमाने पहिली नोंद उचलतो.

ही यादी पाहायला 'ईएफआयबूटएमजीआर' ही आज्ञा आहे. नुसती चालवली की प्रत्येक नोंदीचा चार अंकी क्रमांक दिसतो. 'ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,०००१,०००२' असं दिलं की क्रम बदलतो. '-एन ०००१' दिलं की फक्त पुढच्या एका वेळेपुरती ती सिस्टम सुरू होते आणि नंतर सगळं पूर्ववत. दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या संगणकावर दुरून काम करणाऱ्याला हे '-एन' फार उपयोगी पडतं.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. यूईएफआय असेल आणि तुम्ही महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच दुसरी लिनक्स उघडत असाल, तर काहीही कॉन्फिगर करू नका. संगणक चालू करताना डेल किंवा लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबा. फर्मवेअरचा स्वतःचा मेन्यू येतो, त्यात तिन्ही नावं असतात. प्रत्येक डिस्ट्रो स्वतःच्या ग्रबमधून, स्वतःच्या ताज्या फाइलींसह सुरू होते. दिसायला ओबडधोबड, पण यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. पुढचा मजकूर रोज अदलाबदल करणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांना एकच नीटनेटका मेन्यू हवा आहे त्यांच्यासाठी.

आता त्या शिळ्या नोंदीकडे वळू.

ग्रबचा मेन्यू येतो 'ग्रब.सीएफजी' नावाच्या एका फाइलीतून. ही फाइल हाताने लिहायची नसते. डेबियन आणि उबंटूत 'अपडेट-ग्रब' आणि फेडोरात 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' ही आज्ञा ती तयार करते. ती करताना '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलीतल्या आवडीनिवडी वाचल्या जातात आणि '/ईटीसी/ग्रब.डी' या फोल्डरमधल्या छोट्या स्क्रिप्ट क्रमाने चालवल्या जातात. त्यांच्या नावांपुढचे आकडे म्हणजे मेन्यूतला क्रम: १० आकड्याची स्क्रिप्ट स्वतःचे कर्नल शोधते, ३० आकड्याची शेजाऱ्यांना शोधते, ४० आकड्याची तुमच्या हाताने लिहिलेल्या नोंदी घेते.

शेजाऱ्यांना शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ओएस-प्रोबर. तो डिस्कवरची सगळी पार्टिशन एकेक करून उघडून बघतो. डेबियन सापडलं की त्याच्या बूट फोल्डरमध्ये कोणते कर्नल आहेत ते टिपतो आणि त्यांची नावं उबंटूच्या मेन्यूत उतरवून काढतो. शेजारच्या घरात कोण कोण राहतं, याची यादी आपल्या वहीत लिहून ठेवावी, तसं हे आहे. यादी लिहिली त्या दिवशी ती बरोबर असते. पुढे शेजारच्या घरी कुणी आलं, कुणी गेलं, तरी वहीला त्याचा पत्ता नसतो. डेबियनमध्ये नवा कर्नल आला, की डेबियन स्वतःची ग्रब.सीएफजी नवी करतो. उबंटूच्या पार्टिशनला तो हात लावत नाही, आणि लावूही नये. काही दिवस जुन्या कर्नलची नोंद चालत राहते. तेवढ्या काळात तुम्ही नकळत जुनाच कर्नल चालवत असता, सुरक्षेच्या दुरुस्त्या घेतल्या असं समजून. मग एक दिवस डेबियनमध्ये 'ऑटोरिमूव्ह', म्हणजे नको असलेल्या पॅकेजांची सफाई, होतं, जुना कर्नल पुसला जातो, आणि नोंद हवेत लटकते. फेडोरात हे आणखी लवकर होतं, कारण तो नेहमीच्या मांडणीत तीनच कर्नल ठेवतो. चौथा आला की सर्वांत जुना जातो.

यावर बहुतेक ठिकाणी दिला जाणारा सल्ला असा, की उबंटूत जाऊन पुन्हा 'अपडेट-ग्रब' चालवा. चालतं, पण दर वेळी आठवणीने करावं लागतं. जे काम माणसाने आठवून करायचं आहे, ते कधीतरी चुकणार.

ओएस-प्रोबरबद्दल आणखी एक. २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून तो मुळातच बंद ठेवलेला असतो. कारण सुरक्षेचं: रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने, न विचारता, सापडेल ते प्रत्येक पार्टिशन उघडून बघणारा प्रोग्रॅम ही चांगली सवय नव्हे, एखाद्या पार्टिशनवर कुणी मुद्दाम काही पेरून ठेवलेलं असू शकतं. डेबियन १२ वर आल्यानंतर 'माझ्या मेन्यूतली दुसरी लिनक्स गेली कुठे?' असा प्रश्न अनेकांना पडला, त्याचं मूळ हेच. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' अशी ओळ टाकून 'अपडेट-ग्रब' चालवलं की तो परत जागा होतो. माझं मत विचाराल तर त्याला झोपू द्या. वर्षानुवर्षं सवय झाली म्हणून आपण त्याला सोय समजतो.

त्यापेक्षा चांगली रीत म्हणजे यादी उतरवून न घेता थेट दार वाजवायचं. एका लिनक्सला मालक नेमायचं. तिच्या मेन्यूत बाकीच्यांच्या कर्नलची नावं लिहायचीच नाहीत. फक्त 'डेबियनकडे जा', 'फेडोराकडे जा' एवढंच लिहायचं. डेबियनच्या दारात पोहोचल्यावर आत कोणता कर्नल ताजा आहे, ते डेबियनने ठरवावं.

मालक कोणाला करायचं? अनेक जण रोज वापरतात त्या डिस्ट्रोला करतात. मी म्हणेन, जी सर्वांत सावकाश बदलते आणि जी तुम्ही सर्वांत शेवटी काढून टाकाल, तिला करा. डेबियन स्टेबल या कामाला उत्तम. नव्या-नव्या डिस्ट्रो चाखून पाहणाऱ्याने तर प्रयोगाच्या पार्टिशनवरच्या लिनक्सला मालकी कधीही देऊ नये.

दार वाजवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली 'कॉन्फिगफाइल'. यात मालकाचा ग्रब दुसऱ्या लिनक्सची ग्रब.सीएफजी उघडतो आणि तिचा मेन्यू दाखवतो. समजा मालक उबंटू आहे आणि डेबियनकडे जायचं आहे. मग नोंद अशी:

मेन्यूएन्ट्री "डेबियन" {
  सर्च --नो-फ्लॉपी --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट डेबियनचा-यूयूआयडी
  कॉन्फिगफाइल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी
}

यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा कायमचा ओळखक्रमांक. तो 'लेसबीएलके -एफ' या आज्ञेने मिळतो. 'एसडीए२' सारखी नावं इथे वापरू नयेत, कारण दुसरी डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडला की ती बदलू शकतात. डेबियनचं बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर यूयूआयडी त्या पार्टिशनचा द्यायचा आणि फाइलीच्या पत्त्यातला सुरुवातीचा '/बूट' गाळायचा. नोंद निवडली की डेबियनचा पूर्ण मेन्यू समोर येतो. विचार बदलला तर एस्केप दाबून मागे येता येतं.

ही नोंद लिहायची कुठे? पुस्तकी उत्तर म्हणजे '/ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम'. त्यात लिहिल्यावर अपडेट-ग्रब चालवावं लागतं, आणि त्या फाइलीच्या सुरुवातीच्या ओळी चुकून पुसल्या तर गोंधळ होतो. त्याहून सोपी जागा फारशी कुणी सांगत नाही: मालकाच्या '/बूट/ग्रब' फोल्डरमध्ये 'कस्टम.सीएफजी' नावाची नवी फाइल करा आणि नोंद तिथे टाका. ४१ आकड्याची स्क्रिप्ट ग्रब.सीएफजीत आधीच सांगून ठेवते, की अशी फाइल असेल तर सुरू होताना ती वाच. अपडेट-ग्रब चालवायची गरज नाही, आणि पुढे कितीही वेळा ग्रब.सीएफजी नव्याने तयार झाली तरी तुमची फाइल तशीच राहते.

कॉन्फिगफाइल बायोस आणि यूईएफआय दोन्हीकडे चालते. मात्र दुसऱ्या डिस्ट्रोची फाइल आपल्या ग्रबला समजली पाहिजे. फेडोराच्या बाबतीत इथेच अडतं. २०१९ च्या फेडोरा ३० पासून तिथे कर्नलच्या नोंदी ग्रब.सीएफजीत नसतातच, '/बूट/लोडर/एन्ट्रीज' या फोल्डरमध्ये प्रत्येक कर्नलची वेगळी छोटी फाइल असते आणि ग्रब.सीएफजीत फक्त 'त्या फाइली वाच' अशी आज्ञा. ही आज्ञा फेडोराने आपल्या ग्रबमध्ये स्वतः जोडलेली आहे. डेबियन १२ च्या किंवा तशा ग्रबला ती कळत नाही, आणि मेन्यू रिकामा दिसतो. ओएस-प्रोबरही याच कारणाने फेडोरापुढे गडबडतो.

अशा वेळी दुसरी पद्धत: 'चेनलोडर'. यात फेडोराची फाइल वाचण्याऐवजी फेडोराचा अख्खा बूटलोडरच सुरू करायचा. नोंदीत 'सर्च' ओळीत ईएफआय सिस्टम पार्टिशनचा यूयूआयडी द्यायचा (फॅटचा असल्याने तो लहान असतो, चार अक्षरं, मध्ये रेघ, पुन्हा चार अक्षरं), आणि दुसऱ्या ओळीत 'चेनलोडर /ईएफआय/फेडोरा/शिमएक्स६४.ईएफआय'. आपला ग्रब बाजूला होतो, फेडोराचा येतो, आणि तो आपल्या पद्धतीने सगळं करतो. यूईएफआयवर हीच पद्धत मला सर्वांत स्वच्छ वाटते, फेडोरा असो वा नसो. तोटा एवढाच, की एकामागून एक दोन मेन्यू दिसतात. दुसऱ्या लिनक्समध्ये जाऊन तिच्या मेन्यूची वेळ एखाद्या सेकंदावर आणली की तेही खटकत नाही.

वरच्या ओळीत 'शिम' का, 'ग्रबएक्स६४' का नाही? सिक्युअर बूट चालू असेल तर फर्मवेअर फक्त ओळखीच्या सहीचे प्रोग्रॅम चालवतो, आणि बहुतेक संगणकांत ओळखीची सही मायक्रोसॉफ्टची. प्रत्येक नवा ग्रब त्यांच्याकडे सहीला पाठवणं शक्य नाही, म्हणून डिस्ट्रो एक छोटा मध्यस्थ प्रोग्रॅम, शिम, त्यांच्याकडून सही करून घेतात. शिमच्या पोटात डिस्ट्रोची स्वतःची किल्ली असते आणि तिने तो आपला ग्रब तपासतो. उबंटूच्या शिमला फेडोराच्या ग्रबवरची सही ओळखीची नसते, म्हणून थेट ग्रबकडे गेलात तर नकार मिळतो. फेडोराच्या शिमकडे गेलात तर वाट मोकळी.

संगणकावर विंडोजही असेल तर सिक्युअर बूटच्या बाबतीत आणखी सावध राहा. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटने जुन्या, सुरक्षेत कच्च्या ठरलेल्या बूटलोडरांना नकार देणारी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. दोन सिस्टम असलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही असं सांगितलं गेलं होतं, तरी अनेकांची लिनक्स सुरू होईना. शिम जुना होता, एवढाच तिचा गुन्हा. न वापरलेली लिनक्स वर्षभर अपडेट न करता पडू दिली, तर असा फटका तिलाच आधी बसतो.

यूईएफआयने सगळं सोडवलं असं वाटत असतानाच एक अडचण उभी राहते, आणि ती अनेकांना चकवते. दोन उबंटू, किंवा उबंटू आणि लिनक्स मिंट, एकाच डिस्कवर. मिंट उबंटूवरच उभा आहे आणि ईएफआय पार्टिशनमध्ये त्याचा फोल्डरही 'उबंटू' याच नावाचा असतो. म्हणजे दोघांचं दार एकच, आणि शेवटी आलेल्याने पाटी बदललेली. इन्स्टॉल करताना वेगळं नाव द्यायचा प्रयत्न केला तरी सहीच्या ग्रबमध्ये 'माझी फाइल उबंटू फोल्डरमध्ये आहे' हा पत्ता आतच कोरलेला असतो, त्यामुळे सिक्युअर बूटसह ती युक्ती लागू पडत नाही.

पण हा फोल्डर उघडून पाहण्यासारखा आहे. त्यात एक ग्रब.सीएफजी असते, जेमतेम तीन ओळींची: अमुक यूयूआयडीचं पार्टिशन शोध, तिथल्या '/बूट/ग्रब'ला आपलं घर मान, तिथली ग्रब.सीएफजी वाच. म्हणजे वर आपण हाताने लिहिली तीच कॉन्फिगफाइलची रीत उबंटू स्वतःच वापरतो. दोन उबंटूंपैकी मालक कोण, हे त्या पहिल्या ओळीतला यूयूआयडी ठरवतो. तो बदला, मालक बदलला. मग मालकाच्या कस्टम.सीएफजीत दुसऱ्यासाठी कॉन्फिगफाइलची नोंद टाका. ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की दुसरा उबंटू ही छोटी फाइल पुन्हा स्वतःच्या नावाने लिहू शकतो, हे मात्र लक्षात असू द्या. त्यावर पक्का उपाय हवा असेल तर दोन वेगळ्या डिस्क आणि प्रत्येकीवर आपलं ईएफआय पार्टिशन.

ग्रबचं पॅकेज अपडेट होणं हा मालकी निसटण्याचा नेहमीचा रस्ता आहे. यूईएफआयवर डेबियन किंवा उबंटूतला ग्रब नव्याने बसला की तो फर्मवेअरच्या यादीत स्वतःला पुन्हा पहिला नेऊन ठेवू शकतो. तसं झालं तर ईएफआयबूटएमजीआरने क्रम परत लावायचा, मिनिटभराचं काम. बायोसवर मात्र आधीच बंदोबस्त करावा. बिगरमालक डेबियन किंवा उबंटूत 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' चालवा, आणि ग्रब कुठल्या डिस्कवर बसवायचा असं विचारलं की एकाही डिस्कवर खूण न करता पुढे जा. तो इशारा देईल, मान्य करा. यापुढे ती लिनक्स स्वतःची ग्रब.सीएफजी ताजी ठेवत राहील, पण डिस्कच्या त्या पहिल्या ५१२ बाइट्सना हात लावणार नाही. आपल्याला नेमकं हेच हवं आहे.

मेन्यूच्या आवडीनिवडी झटपट. 'ग्रब_टाइमआउट' म्हणजे थांबण्याचे सेकंद. उबंटू मेन्यू लपवत असेल तर 'ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेन्यू' करा. मागच्या वेळी निवडलेली सिस्टम पुन्हा आपोआप यावी असं वाटत असेल तर 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' आणि 'ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू' या दोन ओळी. पण मालकाचं बूट फोल्डर एलव्हीएम किंवा बीटीआरएफएस या डिस्क मांडणीच्या पद्धतींवर असेल तर हे चालणार नाही. ग्रब तिथून वाचू शकतो, लिहू शकत नाही, आणि आपली निवड लक्षात ठेवण्यासाठी त्याला लिहावं लागतं. हाताने लिहिलेल्या नोंदींना ही आठवण हवी असेल तर नोंदीच्या आत 'सेव्हडिफॉल्ट' ही ओळही टाकावी लागते. ठरलेली सिस्टम आकड्याने सांगू नका, नावाने सांगा. नवी नोंद मध्ये घुसली की आकडे सरकतात.

आता बूटलोडरबाहेरची, पण अनेक लिनक्स असलेल्यांना हमखास चावणारी गोष्ट: स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा. तिन्ही लिनक्सनी एकच स्वॅप पार्टिशन वापरायला हरकत नाही, एका वेळी एकच चालू असते. पण दुसरी लिनक्स बसवताना इन्स्टॉलर ते स्वॅप नव्याने फॉरमॅट करू शकतो. यूयूआयडी बदलतो. पहिली लिनक्स जुन्या यूयूआयडीची वाट पाहत दीड मिनिट खोळंबते, कारण सिस्टम सुरू करणारा सिस्टमडी डिस्कसाठी ९० सेकंद थांबतो. लोक ग्रबला दोष देतात, दोष असतो '/ईटीसी/एफएसटॅब'मधल्या, म्हणजे सुरू होताना जोडायच्या पार्टिशनच्या यादीतल्या, एका ओळीचा. यूयूआयडी तिथे नवा लिहा, डेबियन-उबंटूत 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवा, खोळंबा जातो. आणि सामायिक स्वॅप असताना हायबरनेट करू नका. एका लिनक्सची गोठवलेली मेमरी स्वॅपमध्ये असताना दुसरी सुरू केली तर ती मेमरी पुसली जाते. त्याहून वाईट म्हणजे दुसरीने सामायिक पार्टिशनवर काही लिहिलं आणि मग पहिली जुन्या समजुतीनिशी जागी झाली, तर त्या पार्टिशनवरची माहितीच खराब होऊ शकते. होम फोल्डर तिघांत वाटून घेण्याचा मोहही टाळा. एकाच प्रोग्रॅमच्या नव्या-जुन्या आवृत्त्या एकमेकींच्या सेटिंग फाइली बिघडवतात. कागदपत्रं, फोटो, गाणी यांच्यासाठी वेगळं पार्टिशन करून ते तिन्हीकडे जोडणं बरं.

कुणी पार्टिशनची हुबेहूब नक्कल करून दुसरी लिनक्स उभी केली असेल, तर दोघांचा यूयूआयडी एकच असतो, आणि 'सर्च'ला आधी जे सापडेल ते सुरू होतं. निवडावी नवी आणि यावी जुनी, असा चमत्कार दिसला तर पहिला संशय इथे घ्या. ईएक्सटी४ असेल तर 'ट्यून२एफएस -यू रँडम' (रोमन लिपीत यू मोठा) नकलेला नवा क्रमांक देतं. मग तिच्या एफएसटॅबमध्येही तोच लिहायचा.

इतकं करूनही एखादे दिवशी 'ग्रब रेस्क्यू' असा ठोंब्यासारखा प्रॉम्प्ट येऊ शकतो. अर्थ एवढाच, की ग्रबचा पहिला तुकडा चालला पण मालकाचं बूट फोल्डर त्याला सापडलं नाही. 'एलएस' दिलं की डिस्क आणि पार्टिशन दिसतात. ग्रब डिस्क ० पासून मोजतो आणि पार्टिशन १ पासून, तेव्हा 'एचडी०,जीपीटी२' म्हणजे पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन. 'एलएस (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब' असं एकेक करून बघा. फाइलींची यादी जिथे आली, ते घर. मग 'सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब', 'इन्समॉड नॉर्मल', आणि 'नॉर्मल'. नेहमीचा मेन्यू येतो. ही फक्त तेवढ्या वेळेपुरती वाट आहे. आत गेल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' चालवून ती पक्की करायची.

हा प्रॉम्प्ट येण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे नकोशी झालेली लिनक्स काढताना तिचं पार्टिशन पुसणं, आणि नेमकी तीच मालक असणं. म्हणून काढायचा क्रम उलटा ठेवा. राहणार असलेल्या लिनक्समध्ये जा, तिथून ग्रब-इन्स्टॉल चालवून मालकी तिच्याकडे घ्या, संगणक एकदा बंद करून तिच्याच मेन्यूतून सुरू होतो याची खात्री करा, आणि मगच दुसरीचं पार्टिशन पुसा. यूईएफआयवर पुसलेल्या लिनक्सची फर्मवेअरमधली नोंद मागे राहते. ती 'ईएफआयबूटएमजीआर -बी ०००२ -बी' या आज्ञेने काढतात, मात्र रोमन लिपीत पहिला बी लहान लिपीतला आणि दुसरा मोठा. त्या लिनक्सचा ईएफआय पार्टिशनमधला फोल्डरही हाताने काढावा लागतो, आणि काढण्यापूर्वी त्या नावाचा दुसरा कुणी वापरकर्ता, म्हणजे तो मिंट, तिथे राहत नाही ना, हे पाहून घ्या.